‘आजचा दिवस गेलाच आता’: लठ्ठपणावरचा बोलून होणारा उपचार

‘वजन कमी करा’ हे डॉक्टरांचं वाक्य आणि आहाराचा एक छापील कागद घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दवाखान्यांतून कितीतरी लोक बाहेर पडतात. सकाळी काय खायचं, दुपारी किती चपात्या, साखर बंद, तळलेलं बंद, असं सगळं कागदावर असतं. रात्री साडेदहाला घर झोपल्यावर चिवड्याच्या डब्याकडे हात जातो, त्या वेळी काय करायचं हे मात्र त्यावर कुठंच नसतं. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, नेमकं त्या साडेदहाच्या वेळेवर काम करते.

हा मुळात मानसोपचार आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांसाठी तो घडवला. प्रसंग घडतो आणि आपण काहीतरी करतो, या दोघांच्या मध्ये एक विचार येऊन जातो, असं त्यांच्या लक्षात आलं. तो इतका झटकन येतो की आला हेही कळत नाही. त्यातून भावना तयार होते आणि भावनेतून कृती. तो विचार पकडायचा, खरा आहे का ते तपासायचं आणि त्याच्या जोडीला वागण्यात छोटे बदल करून बघायचे, एवढंच या उपचाराचं सूत्र. आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून परिचित असलेली अल्बर्ट एलिस यांची पद्धत याच घराण्यातली.

लठ्ठपणाकडे हा विचार जरा उलट्या वाटेनं आला. आधी फक्त वर्तनाचा भाग होता. १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी अवघ्या ८ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुठं बसून खायचं, घास घेतल्यावर चमचा खाली ठेवायचा, खाताना दुसरं काही करायचं नाही, अशा सवयी त्यांनी त्या रुग्णांना वर्षभर लावल्या आणि प्रत्येकाचं वजन साधारण १२ ते २१ किलो उतरलं. त्या काळी हा आकडा चकित करणारा होता, आणि त्यावरून लठ्ठपणा म्हणजे चुकीची शिकलेली सवय, असा समजही झाला. तो समज टिकला नाही, तंत्रं टिकली. पुढं विचारांचा भाग त्यांना जोडला गेला.

आता हे घरात कसं चालतं ते बघू. समजा, वडगावात राहणारी बेचाळीस वर्षांची एक बाई आहे. तिला सुनंदा म्हणू. घरचे यंत्रमाग, सासू, दोन मुलं. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय निघतो. तिचा साडेएकतीसच्या पुढं जातो. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात, कारण आपल्या शरीरात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. कंबरेचं मापही बघतात. बाईंची ८० सेंटिमीटरच्या पुढं आणि पुरुषांची ९०च्या पुढं गेली की सावध व्हायचं. सुनंदाची साखर सीमारेषेवर आहे. तिनं याआधी भात पूर्ण सोडला होता. तीन आठवडे जमलं, मग एका बारशाला मोडलं, ते मोडलंच.

समुपदेशक तिला पहिल्याच भेटीत आहाराचा तक्ता देत नाही. वही देतो. खाल्लेलं प्रत्येक काही लिहायचं, पण त्याबरोबर वेळ, जागा, सोबत कोण होतं आणि खाण्याच्या आधीच्या क्षणी मनात काय चाललं होतं तेही. नोंद ठेवणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तीच माणसं खाल्लेलं खऱ्यापेक्षा कमी लिहितात हेही दिसलं आहे, त्यामुळं या वहीला किराणा दुकानाची खातेवही समजू नये. समुपदेशक बेरीज करत नाही. तो काय आणि कधी घडतं याची रेघ शोधतो.

सुनंदाच्या वहीत दुसऱ्याच आठवड्यात रेघ दिसते. सकाळी चहा आणि एक बटर. मग स्वयंपाक, डबे, मागावरची बॉबिनं भरणं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर तिचं ताट, म्हणजे दुपारचे पावणेतीन. मंगळवार, शुक्रवार उपवास. संध्याकाळी पाचच्या चहाला मुलांनी आणलेलं गिरमिट, बरोबर दोन मिरची भजी. रात्रीचं जेवण थोडंसंच, कारण ‘आज संध्याकाळी खाल्लंय’. आणि साडेदहाला चिवडा.

यात विचार तपासण्याआधी दुरुस्त करायची गोष्ट पोटाची आहे, आणि मला वाटतं आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत बहुतेकदा तीच पहिली असावी. सकाळी आठ ते पावणेतीन उपाशी राहिलेल्या शरीराला पाच वाजता भजी दिसली तर त्याला निर्धार शिकवून उपयोग नाही. खाण्याच्या विकारांवर काम करणारे ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या पद्धतीत सुरुवातीचं मोठं काम हेच असतं: ठरलेल्या वेळी खाणं, दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. म्हणजे वजन उतरवायला आलेल्या बाईला समुपदेशक म्हणतो, अकरा वाजता भाकरी खा. सासूच्या आधी खायचं म्हणजे आमच्या भागात अजून अवघड. पण ते अवघड आहे हेही उपचारातच येतं. घरात कसं बोलायचं, मुलाच्या डब्याबरोबर स्वतःचाही डबा भरून ठेवायचा का, यावर दोघं मिळून मार्ग काढतात आणि आठवडाभर करून बघतात. नाही जमलं तर पुढच्या भेटीत दुसरा. उपवासाचंही तसंच. तो सोडायला कुणी सांगत नाही. दिवसभर काही नाही आणि रात्री साबुदाण्याची खिचडी दोन वाट्या, या मांडणीकडे मात्र बघायला लावतात.

मग डबा. जे दिसतं ते खाल्लं जातं, म्हणून दिसणं कमी करायचं. परदेशी पुस्तकांत सरळ लिहिलेलं असतं की मोहाचे पदार्थ घरी आणू नका. ज्यांनी हे लिहिलं ते एकत्र कुटुंबात राहत नसावेत. इथं मुलांना फरसाण लागतं, पाहुणे येताना कुंद्याचा बॉक्स घेऊन येतात आणि सासूचा चहा खारीशिवाय होत नाही. तेव्हा आपल्याला जमण्यासारखं वेगळं असतं. चिवडा पारदर्शक बरणीतून काढून वरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. खायचाच तर वाटीत घेऊन, बसून, टीव्ही बंद करून खायचा. कुंदा आल्या दिवशीच सगळ्यांना वाटून संपवायचा. यात मोठं तत्त्वज्ञान नाही, म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात.

खाण्याची उबळ आल्यावर थांबून बघणं हा आणखी एक भाग. उबळ चढत चढत जाईल आणि खाल्ल्याशिवाय उतरणारच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात ती साधारणपणे थोड्या वेळात ओसरते. सुनंदाला गृहपाठ मिळतो: डबा उघडायच्या आधी वहीत वेळ लिहायची, पंधरा मिनिटं दुसऱ्या खोलीत काहीतरी करायचं, मग पुन्हा बघायचं. तेव्हाही खावंसं वाटलं तर खायचं. ही मुभा हवीच. नाहीतर तो प्रयोग राहत नाही, परीक्षा होते.

आणि आता मुख्य विचार. रविवारी माहेरी, उचगावला, मटणाचं जेवण झालं. तिनं ठरवल्यापेक्षा एक वाटी भात जास्त खाल्ला. वहीत पुढची ओळ अशी: ‘आजचा दिवस गेलाच आता. उद्यापासून बघू.’ त्यानंतर संध्याकाळी कुंदा, रात्री पुन्हा भात-रस्सा आणि सोमवारी वही कोरी. मंगळवारीही कोरी.

जास्तीच्या वाटीभर भातात दोन-अडीचशे कॅलरी असतील. त्यानं वजनाचं काही बिघडत नाही. बिघडवलं ते त्या ओळीनं. दारू सोडणाऱ्यांवर काम करताना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी हे नेमकं टिपलं होतं: पहिला घोट माणसाला तितका पाडत नाही, जितकं ‘मोडलंच शेवटी, मी असाच’ हे त्या घोटाचं लावलेलं कारण पाडतं. नियम जितका कडक, तितकं मोडल्यावरचं कोसळणं मोठं. भात पूर्ण बंद म्हटलं की एक घासही गुन्हा होतो, आणि गुन्हा झालाच आहे तर मग पोटभर का नको?

या ओळीवर समुपदेशक सुनंदाला उपदेश करत नाही. प्रश्न विचारतो. मागावर धागा तुटला तर काय करता? माग थांबवते, गाठ मारते, पुढं चालू करते, ती म्हणते. धागा तुटला म्हणून सगळी साडी कापून टाकता का? ती हसते. मग पुढचा प्रश्न, जास्त महत्त्वाचा: रविवारच्या त्या वाटीनंतर गाठ मारायची म्हणजे नेमकं काय करायचं? उत्तर तिनंच शोधायचं असतं. ‘संध्याकाळचं जेवण नेहमीसारखं करायचं, उपाशी राहून भरपाई करायची नाही, आणि त्याच दिवशी वहीत लिहायचं,’ असं काहीसं ती ठरवते आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. पुढच्या वेळी त्या क्षणी डोकं चालणार नसतं, तेव्हा हे पान लागतं.

सीबीटी म्हणजे सकारात्मक विचार करा, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. सुनंदा म्हणते, ‘आमची आई पण अशीच होती, आमच्यात अंगच असं आहे.’ हा विचार नकारात्मक म्हणून खोडायचा नसतो, कारण तो अर्धा खरा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून वजनात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचं दिसतं. त्यातला ‘म्हणून काही करून उपयोग नाही’ हा जोडलेला भाग तपासायचा. आईला साखर कितव्या वर्षी झाली? ती तेव्हा काय करत होती? मागच्या वर्षी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जात होता, तेव्हा साखरेचा आकडा काय आला होता? पुरावा तिच्याच आयुष्यातून निघतो. कधी कधी पुरावा विचाराच्या बाजूनंही निघतो. तेव्हा विचार बदलायचा नाही, परिस्थिती बदलता येते का ते बघायचं.

एक परिस्थिती आमच्या सीमाभागाची खास आहे. बेळगाव तालुक्यातल्या गावांत काही-काही वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा एकेका घरी पाहुण्यांच्या पंगतींवर पंगती उठतात. ‘खा की ग, एवढ्यानं काय होतंय!’ आणि नको म्हटलं की ‘आमच्या घरचं गोड लागत नाही होय?’ वाढणं ही इथं माया आहे, तिला नकार देणं म्हणजे माणसाला नकार. आहाराच्या कागदाकडे यावर उत्तर नाही. सीबीटीत याची चक्क तालीम करतात. समुपदेशक आग्रह करणारी वैनी होतो, सुनंदा उत्तर देते. पहिल्यांदा ती कारणं सांगते, डॉक्टर, साखर, गुडघे. प्रत्येक कारणाला वैनीकडे तोड असते. शेवटी सापडतं ते वाक्य असं: ‘रस्सा झकास झालाय की ग वैनी, पोट भरलं. डब्यात घाल, घरी नेऊन उद्या खाते.’ मायाही घेतली, भातही थांबला. हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघायचं. हसू येतं, पण पंगतीत तेच तोंडात येतं.

इतकं वाचून वाटेल की मग वजन झरझर उतरत असेल. इथं खरं सांगायला हवं, कारण जाहिराती सांगत नाहीत. सुनंदाला ५५ किलोवर यायचं आहे, लग्नातल्या फोटोइतकं. वैद्यकशास्त्र सुरुवातीचं ध्येय ठेवतं ते मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे तिच्यासाठी साधारण ४ ते ८ किलो. ऑक्सफर्डच्या झॅफ्रा कूपर आणि फेअरबर्न यांचं म्हणणं होतं की लोक ५५चं स्वप्न धरून बसतात, ७२ वर पोचल्यावर ते हरल्यासारखं वाटतं, म्हणून सांभाळणं सोडतात आणि वजन परत येतं. हे विचार बदलले तर उतरलेलं वजन टिकेल, असा अंदाज बांधून त्यांनी एक खास उपचारपद्धती तयार केली. १५० स्त्रियांवर ती तपासली आणि त्यांचा माग तीन वर्षं ठेवला. २०१० मध्ये आलेला निष्कर्ष असा की बहुतेकींचं उतरलेलं वजन जवळजवळ सगळं परत आलं. नव्या पद्धतीनं फरक पडला नव्हता. ज्यांनी पद्धत घडवली त्यांनीच तो छापला, याचं मला कौतुक वाटतं.

असं का होतं, याचं एक कारण पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं. त्यांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं, वजन उतरलं. त्यानंतर वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेलं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन हे संप्रेरक घटलेलं होतं. शरीर उतरलेलं वजन परत मागत राहतं. हा आळस नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. विचार तपासून संप्रेरकं बदलत नाहीत, आणि बदलतात असा दावा करणाऱ्याकडे जाऊ नये.

मग या उपचाराचा उपयोग कुणाला? सर्वांत ठोस उत्तर आहे ते अनावर खाण्याचा विकार असलेल्यांना. थोड्या वेळात नेहमीपेक्षा खूप जास्त खाणं, खाताना थांबता न येणं, नंतर लाज, अपराधी वाटणं, लपून खाणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत असेल तर तो स्वतंत्र आजार मानला जातो. २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याची वेगळी नोंद आहे. या आजारावर सीबीटी हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे, आणि साधारण निम्म्या रुग्णांचं अनावर खाणं त्यानं पूर्ण थांबतं. वजन मात्र त्यात फारसं उतरत नाही, म्हणून ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत हे रुग्णाला आधीच सांगायला लिहिलं आहे. दिवसाआड रात्री उठून लपून खाणाऱ्या बाईला ती लाज सुटणं किती मोठं, हे वजनकाटा सांगू शकत नाही.

दुसरा उपयोग मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांवर लोकांच्या मोठ्या अभ्यासात, ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे ध्येय ठेवून वर्तनोपचाराची हीच तंत्रं शिकवली होती: नोंद, अडचण सोडवणं, घसरल्यावर सावरणं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ३१ टक्के. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात घट सुमारे साडेअठ्ठावीस टक्के आली. गंमत अशी की तिथं लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. सुनंदाला मी हा अभ्यास आधी सांगेन, ५५ किलोचा विषय नंतर.

आता भूक कमी करणारी इंजेक्शनं आली आहेत, सेमाग्लुटाइड वगैरे. ती संप्रेरकांच्याच वाटेनं काम करतात आणि वजन बोलण्याच्या उपचारापेक्षा खूप जास्त उतरवतात. पण एका मोठ्या चाचणीत इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. ही दोन्ही एकमेकांच्या विरोधात नाहीत. औषधानं भूक शांत असते त्या काळात वेळेवर जेवायची, पंगतीत थांबायची सवय बसवता येते. औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. थायरॉइड, पीसीओएस हा अंडाशयाचा विकार, स्टेरॉइड किंवा काही मनोविकारांच्या गोळ्यांमुळं वजन वाढतंय का, हेही आधी त्यांच्याकडून तपासून घ्यावं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी त्यांना विचारणं आवश्यक आहे.

जायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. ती पूर्ण उपचार देणार नाही, पण कुणाकडे जायचं ते विचारता येतं. खासगीत जात असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारावं. असं विचारण्यात अपमान काही नाही. सीबीटी शिकलात का, किती भेटी लागतील, गृहपाठ देता का, हेही विचारावं. साधारण बारा ते वीस भेटी, आठवड्याला एक, असं उत्तर आलं तर ठीक. एका भेटीत खात्री देणारा दिसला तर परत यावं.

आणि भाषा. आमच्यापैकी बरेच जण डॉक्टरांशी कन्नडमध्ये किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलून वेळ मारून नेतात. ताप, खोकला, गुडघा यांना ते चालतं. इथं उपचाराचं साधनच मनात येणारी ओळ आहे, आणि ‘आजचा दिवस गेलाच आता’ हे सुनंदाच्या मनात मराठीत येतं. समुपदेशक कन्नडभाषक असेल आणि त्याला मराठी कळत असेल तर अडचण नाही. बेळगावात तसे पुष्कळ आहेत. तुम्ही मराठीत बोला, वही मराठीत लिहा. त्याला कळत नसेल तर टेलिमानसवर मराठी निवडता येते, किंवा दोनेक तासांवरच्या कोल्हापुरातल्या समुपदेशकाशी फोनवर भेटी ठरवता येतात. हे पहिल्या भेटीतच स्पष्ट बोलून घ्यावं, पाचव्या भेटीपर्यंत संकोचात बसू नये.